स्थिर लिनक्सवर नवा कम्पायलर, जुन्याला धक्का न लावता

दारव्हा, मेहकर, मोर्शी, हिंगणघाट अशा तालुक्याच्या गावांत आणि आसपासच्या खेड्यांत राहून जी पोरं सी++ शिकतायत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बहुतेकांकडे जुना लॅपटॉप असतो. त्यावर उबंटू २२.०४, लिनक्स मिंट २१ किंवा डेबियन १२ असतं आणि इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. व्हिडिओत पाहून प्रोग्राम लिहिला, त्यात #इन्क्लूड <फॉरमॅट> टाकलं आणि कम्पायल केलं की उत्तर येतं:

फेटल एरर: फॉरमॅट: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

पोरांना वाटतं आपलंच काही चुकलं. मग कुणीतरी सांगतं, लिनक्स उडवून नवं टाक. दुसरा कुठून तरी चार ओळी पाठवतो, त्या टर्मिनलमध्ये चिकटवल्या की लॅपटॉपचं वायफाय बंद पडतं. यातलं काहीच करायची गरज नाही. नवा कम्पायलर जुन्याच्या बाजूला बसवता येतो, आणि बसवायचा तो असाच. घरची जुनी विहीर बुजवून कुणी बोअर मारत नाही, दोन्ही राहतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. खालच्या सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळं लहान अक्षरांत. मधली रिकामी जागा, आडवी रेघ आणि तिरपी रेघ जशी दिसते तशीच ठेवा.

हे होतं का

स्थिर वितरण (उबंटू, डेबियन, मिंट अशी लिनक्सची तयार मांडणी) बाहेर पडताना त्यातल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या गोठवतात. त्यानंतर सुरक्षेच्या आणि चुकांच्या दुरुस्त्या येत राहतात, पण मूळ आवृत्ती बदलत नाही. उबंटू २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये आलं आणि त्याचा नेहमीचा कम्पायलर जीसीसी ११ ठरला (जी++ ही याच जीसीसीची सी++ साठीची आज्ञा). सी++२० मधली फॉरमॅट ही सोय जीसीसीमध्ये आली ती १३ व्या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये. एक वर्ष आधी गोठलेल्या वितरणात ती कुठून असणार? डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं, तरी त्यात जीसीसी १२ च आहे, कारण डेबियनमध्ये प्रकाशनाच्या कित्येक महिने आधीपासून आवृत्त्या गोठायला लागतात.

या गोठवण्याला नावं ठेवू नका. जिथे इंटरनेट मोजूनमापून वापरावं लागतं, तिथे दर आठवड्याला शेकडो एमबी न मागणारी प्रणालीच कामाची. आपल्याला स्थिर पाया हवाच आहे, फक्त त्यावर एक नवं अवजार हवं आहे.

पायरी १: आधी काय आहे ते बघा

कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज
जी++ --व्हर्जन

पहिल्या आज्ञेने वितरण आणि त्याची आवृत्ती कळते, दुसरीने कम्पायलरची. ढोबळ हिशेब असा: उबंटू २०.०४ वर जीसीसी ९, २२.०४ वर ११, २४.०४ वर १३. डेबियन ११ वर १०, डेबियन १२ वर १२ आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ वर १४. मिंट २१ हे उबंटू २२.०४ वर बेतलेलं आहे, म्हणून त्याला २२.०४ चेच नियम लावा.

आता खरंच नवा कम्पायलर लागतो का, ते तपासा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. जीसीसी ११ काही सांगितलं नाही तर सी++१७ धरून चालतो. सी++२० हवं असेल तर ते सांगावं लागतं (कापूसच्या जागी तुमच्या फाइलचं नाव):

जी++ -एसटीडी=सी++२० कापूस.सीपीपी -ओ कापूस

कन्सेप्ट्स, रेंजेस, स्पॅन, जेथ्रेड यांतलं बरंचसं जीसीसी १० आणि ११ मध्ये आहे. फक्त हा एक पर्याय द्यायचा राहून गेलेला असतो. फॉरमॅट हवं असेल तर मात्र १३ लागतो आणि सी++२३ चं प्रिंट हवं असेल तर १४. तुमच्या पुस्तकाला किंवा शिक्षकाला नेमकं काय लागतं ते पाहून आकडा ठरवा. सर्वांत नवा आहे म्हणून कुठलाही घेऊ नका.

पायरी २: घरात आहे का ते शोधा

वितरणाच्या स्वतःच्या भांडारात (सॉफ्टवेअर जिथून उतरतं तिथे) नेहमीच्या कम्पायलरसोबत त्याच्या पुढची एखादी आवृत्तीही ठेवलेली असते, हे अनेकांना माहीत नसतं. उबंटू २२.०४ वर जीसीसी १२ आहे आणि २४.०४ वर १४. विचारून बघा:

ॲप्ट-कॅश पॉलिसी जी++-१२

‘कॅन्डिडेट’च्या ओळीत आवृत्ती दिसली की झालं (सुडो म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या हक्काने चालवणं, ॲप्ट म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारं साधन):

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल जी++-१२

डाउनलोड सुरू होण्याआधी ॲप्ट किती एमबी लागतील ते सांगतं आणि हो की नाही विचारतं. तो आकडा वाचल्याशिवाय एंटर दाबू नका. दिवसाचा दीड जीबी असेल आणि अर्धा आधीच संपला असेल, तर हे काम उद्या सकाळी करा.

बसवताना जी++-१२ च बसवा, नुसता जीसीसी-१२ नको. त्याचं कारण असं: उबंटू २२.०४ वर क्लँग हा दुसरा कम्पायलरही असेल, तर क्लँग स्वतःची सी++ लायब्ररी न आणता मशीनवर सापडणाऱ्या सर्वांत वरच्या जीसीसीची लायब्ररी वापरायला जातो. नुसता जीसीसी-१२ बसला की १२ चं दालन तयार होतं, पण त्यात सी++ च्या हेडर फाइल्स नसतात. मग कालपर्यंत नीट चालणारा क्लँग आज आयओस्ट्रीमच सापडत नाही म्हणतो. उपाय एका ओळीचा आहे:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबएसटीडीसी++-१२-डेव्ह

पायरी ३: उबंटू आणि मिंटसाठी पीपीए

१३ हवाच असेल आणि प्रणाली २२.०४ असेल, तर उबंटूच्या टूलचेनवाल्यांचं (कम्पायलर आणि त्याची जोडसाधनं सांभाळणाऱ्यांचं) एक पीपीए आहे. पीपीए म्हणजे मुख्य भांडाराबाहेरचं जोडभांडार. कामाला बसण्याआधी चार्जिंग आणि नेट दोन्ही पुरेसं आहे ना, ते बघा.

सुडो ॲड-ॲप्ट-रेपॉझिटरी पीपीए:उबंटू-टूलचेन-आर/टेस्ट
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल जी++-१३

झाल्यावर तपासा:

जी++-१३ --व्हर्जन
जी++-१३ -एसटीडी=सी++२० कापूस.सीपीपी -ओ कापूस

या पीपीएने फक्त नवा कम्पायलर येतो असं नाही. सगळे सी++ प्रोग्राम चालताना जी लायब्ररी वापरतात, ती लिबएसटीडीसी++६ देखील नव्या आवृत्तीने बदलली जाते. ही लायब्ररी मागच्या आवृत्त्यांशी जुळवून घेणारी आहे, त्यामुळे जुने प्रोग्राम चालत राहतात. पण प्रणालीचा एक पायाभूत तुकडा आता बाहेरच्या भांडारातून येतो, एवढं लक्षात असू द्या. पीपीएच्या नावात ‘टेस्ट’ आहे ते उगाच नाही. शिकण्याच्या लॅपटॉपवर मी ते बिनधास्त वापरायला सांगतो. ज्या मशीनवर सोसायटीचा हिशेब किंवा दुकानाचं बिलिंग चालतं, तिथे नको.

हे पीपीए फक्त उबंटूसाठी आणि त्यावर बेतलेल्या मिंटसारख्यांसाठी आहे. डेबियनमध्ये जोडू नका.

पायरी ४: वापरायचा कसा

खरं नुकसान होतं ते इथे, म्हणून या पायरीवर जरा जास्त थांबतो.

नवा कम्पायलर जी++-१३ या नावाने बसतो. नुसतं जी++ म्हटलं की अजूनही जुनाच चालतो, आणि ते तसंच राहू द्यायचं. कम्पायल करताना पूर्ण नाव लिहिणं हाच सगळ्यांत सुरक्षित मार्ग. मेक वापरत असाल तर (सीएक्सएक्स मोठ्या अक्षरांत):

मेक सीएक्सएक्स=जी++-१३

सीमेक वापरत असाल तर पहिल्यांदा असं:

सीएक्सएक्स=जी++-१३ सीमेक -एस . -बी बिल्ड

इथे एस आणि बी ही अक्षरंही मोठीच. सीमेकने एकदा कम्पायलर निवडला की तो बिल्डच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतो आणि नंतर तुम्ही काहीही सांगा, ऐकत नाही. म्हणून कम्पायलर बदलताना बिल्ड फोल्डर पूर्ण उडवून पुन्हा सुरू करा.

प्रत्येक वेळी आकडा लिहायचा कंटाळा येतो, हे मान्य. अशा वेळी अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज वापरून सगळ्या मशीनचाच कम्पायलर बदला, असा सल्ला जिकडेतिकडे सापडतो. माझं मत ठाम आहे: करू नका. जुन्या लॅपटॉपवर वायफायचा ड्रायव्हर बऱ्याचदा डीकेएमएसवाला असतो, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की तो आपोआप नव्याने कम्पायल होतो. कर्नल ज्या जीसीसीने बनलेला असतो, त्याच आवृत्तीने हा ड्रायव्हरही बनावा अशी अपेक्षा असते. नुसतं जीसीसी म्हटल्यावर दुसराच कम्पायलर पुढे आला की ड्रायव्हर बनताना अडखळतो. कर्नल नवा, ड्रायव्हर नाही, वायफाय बंद. दुरुस्तीसाठी इंटरनेट हवं आणि नेमकं तेच गेलेलं. ब्रॉडबँडवाल्या शहरात केबल लावून हे सुटतं, खेड्यात दोन दिवस जातात.

उलट बाजूनेही असं होऊ शकतं. उबंटू २२.०४ वर ६.५ मालिकेचा नवा कर्नल आला तेव्हा तो जीसीसी १२ ने बनलेला होता. ज्यांच्याकडे फक्त ११ होता, त्यांचे डीकेएमएस ड्रायव्हर बनेनात, जीसीसी-१२ बसवल्यावर बनले. म्हणजे कर्नलला जो कम्पायलर लागतो तो मशीनवर असायलाच हवा. तुमच्या अभ्यासाला कुठला लागतो, त्याचा याच्याशी संबंध नाही.

तरीही आखूड नाव हवंच असेल, तर ते फक्त आपल्या खात्यापुरतं करा:

एमकेडिर -पी ~/.लोकल/बिन
एलएन -एस /यूएसआर/बिन/जी++-१३ ~/.लोकल/बिन/जी++
एलएन -एस /यूएसआर/बिन/जीसीसी-१३ ~/.लोकल/बिन/जीसीसी

लॉगआउट करून परत आलात की तुमच्यासाठी जी++ म्हणजे १३. सुडोने चालणारी कामं आणि डीकेएमएस मात्र नेहमीच्या जागीच बघतात, त्यांना जुनाच सापडतो. परत जायचं असेल तर ही दोन नावं पुसा, बाकी काही करायचं नाही.

/यूएसआर/बिन मधलं जीसीसी किंवा जी++ हाताने पुसून तिथे स्वतःचं काही ठेवू नका. तसंच सुडो ॲप्ट रिमूव्ह जीसीसी करून जुना काढू नका, त्याच्यासोबत कायकाय निघून जाईल सांगता येत नाही.

डेबियनवाल्यांनी काय करायचं

डेबियन १२ च्या भांडारात १२ च्या पुढचा जीसीसी नाही. मग कुणीतरी सांगतं, सोर्सेसच्या यादीत टेस्टिंगची (डेबियनच्या पुढच्या, अजून तयार होत असलेल्या आवृत्तीची) ओळ घाला आणि तिथून जीसीसी ओढा. हा मोह टाळा. टेस्टिंगचा कम्पायलर टेस्टिंगच्या सी लायब्ररीवर बनलेला असतो. डेबियन १२ ची ग्लिबसी (म्हणजे ही सी लायब्ररी) २.३६ आहे, १३ ची २.४१ आणि टेस्टिंग तर १३ च्याही पुढे. कम्पायलर आणताना ही लायब्ररीही ओढली जाते, आणि तिच्यावर तर अख्खी प्रणाली उभी असते. अर्धी इकडची अर्धी तिकडची अशी प्रणाली पुढच्या अपडेटला कुठे अडेल, हे जाणकारही सांगू शकत नाहीत. डेबियनवाले स्वतः याविरुद्ध बजावतात.

त्याऐवजी पहिला मार्ग क्लँगचा. क्लँग बनवणारा एलएलव्हीएम प्रकल्प डेबियन आणि उबंटू दोन्हींसाठी स्वतःचं भांडार चालवतो आणि ते जोडणारी स्क्रिप्टही देतो:

डब्ल्यूगेट एचटीटीपीएस://ॲप्ट.एलएलव्हीएम.ऑर्ग/एलएलव्हीएम.एसएच
सीएचमॉड +एक्स एलएलव्हीएम.एसएच
सुडो ./एलएलव्हीएम.एसएच १८
सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबसी++-१८-डेव्ह लिबसी++एबीआय-१८-डेव्ह

इंटरनेटवरून आलेली कुठलीही स्क्रिप्ट सुडोने चालवण्याआधी एकदा उघडून वाचा. ही लहान आहे, वाचायला वेळ लागत नाही.

शेवटची ओळ गाळू नका. वर म्हटलं तसं, क्लँग कितीही नवा असला तरी तो सी++ च्या हेडर फाइल्स जुन्या जीसीसीच्याच घेतो. म्हणजे क्लँग १८ बसवूनही फॉरमॅट सापडणार नाही आणि तुम्ही डोकं धरून बसाल. एलएलव्हीएमची स्वतःची लायब्ररी वापरायला सांगितलं की काम होतं:

क्लँग++-१८ -एसटीडी=सी++२० -एसटीडीलिब=लिबसी++ कापूस.सीपीपी -ओ कापूस

दुसरा मार्ग कंटेनरचा, म्हणजे मूळ प्रणालीपासून वेगळ्या बंद कप्प्यात नवा कम्पायलर चालवण्याचा. पॉडमॅन डेबियनच्या भांडारातच आहे आणि सुडोशिवाय चालतो:

पॉडमॅन रन --आरएम -इट -व्ही /होम/तुमचं-नाव/काम:/काम -डब्ल्यू /काम डॉकर.आयओ/लायब्ररी/जीसीसी:१४ बॅश

पहिल्यांदा काही शे एमबी उतरतात, म्हणून हे कॉलेजच्या किंवा वाचनालयाच्या वायफायवर करा. आत गेलात की जी++ म्हणजे १४. प्रोग्रामही आतच चालवा, कारण आत बनलेला प्रोग्राम बाहेरच्या लायब्ररींशी जुळेलच असं नाही. मूळ प्रणालीला याचा काडीचा धक्का लागत नाही, म्हणून नेट असेल तर डेबियनवर माझी पहिली पसंती हीच.

आल्मा किंवा रॉकी लिनक्स असेल तर तुमचं काम सर्वांत सोपं. तिथे जीसीसी-टूलसेट नावाने नवे कम्पायलर वेगळ्या कप्प्यात मिळतात:

सुडो डीएनएफ इन्स्टॉल जीसीसी-टूलसेट-१३
एससीएल इनेबल जीसीसी-टूलसेट-१३ बॅश

त्या टर्मिनलपुरता नवा कम्पायलर, टर्मिनल बंद केलं की जुना. इथे बनलेले प्रोग्राम जुन्या प्रणालीच्या लायब्ररीवरही चालावेत याचीही काळजी घेतलेली असते.

हॉटस्पॉट पुरत नसेल तर: पेनड्राइव्हवरून

टॉवरपासून लांबच्या गावात कितीही रिचार्ज केला तरी मोठं डाउनलोड तुटतं. अशा वेळी घरून यादी न्यायची आणि जिथे नेट चांगलं आहे तिथून फाइल्स आणायच्या. फक्त सुडो ॲप्ट अपडेट घरी करून घ्या, मग:

ॲप्ट-गेट --प्रिंट-यूआरआयज -वाय इन्स्टॉल जी++-१२ > यादी.टेक्स्ट

काहीही न उतरवता प्रत्येक पॅकेजचा पत्ता, फाइलचं नाव आणि आकार यादीत लिहिला जातो. ही फाइल पेनड्राइव्हवर घ्या. अमरावतीला, यवतमाळला किंवा वर्ध्याला कॉलेजात गेलात की पत्ते ब्राउझरमध्ये टाकून फाइल्स उतरवा. तिथला संगणक विंडोजचा असला तरी चालतं, कारण फाइल्स फक्त उतरवायच्या आहेत. यादीत जे नाव आहे त्याच नावाने साठवा. घरी येऊन:

सुडो सीपी /पेनड्राइव्हचा-पत्ता/*.डेब /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज/
सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल जी++-१२

ॲप्टला फाइल्स जागेवरच सापडतात, तो पुन्हा उतरवत नाही. एखादा पत्ता उघडलाच नाही, तर मधल्या काळात त्या पॅकेजची नवी आवृत्ती आलेली असते. घरी पुन्हा अपडेट करून यादी नव्याने काढा. म्हणूनच यादी काढणं आणि फाइल्स आणणं यात फार दिवस जाऊ देऊ नका. एकाच गावात चारपाच जणांकडे तीच आवृत्ती असेल, तर एकाने आणलेल्या फाइल्स सगळ्यांना चालतात.

मधेच लाइन गेली आणि बॅटरीही संपली, तर घाबरू नका. डाउनलोड चालू असताना बंद पडलं असेल तर तीच आज्ञा पुन्हा द्या, ॲप्ट उरलेलं उतरवतो. पॅकेज बसत असताना बंद पडलं असेल तर:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल

सोर्समधून बनवायचा असेल तर

हा शेवटचा मार्ग. वरचं काहीच जमत नसेल किंवा कम्पायलर कसा बनतो हे शिकायचं असेल तेव्हाच. पण शिकायचं म्हणून कराल तर जरूर करा, यातून जे कळतं ते पुस्तकात मिळत नाही.

डिस्कवर निदान १० जीबी मोकळी हवी, डीएफ -एच ने बघा. जीसीसी १४.२ ची दाबलेली फाइल ८० ते ९० एमबीची आहे, ती ग्नूच्या एफटीपी साइटवर मिळते. नेट तुटत असेल तर डब्ल्यूगेट -सी वापरा, म्हणजे जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होतं.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल
टार एक्सएफ जीसीसी-१४.२.०.टार.एक्सझेड
सीडी जीसीसी-१४.२.०
./कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स
एमकेडिर ../जीसीसी-बिल्ड
सीडी ../जीसीसी-बिल्ड
../जीसीसी-१४.२.०/कॉन्फिगर --प्रिफिक्स=/ऑप्ट/जीसीसी-१४ --इनेबल-लँग्वेजेस=सी,सी++ --डिसेबल-मल्टिलिब

बिल्डचं फोल्डर सोर्सच्या बाहेर ठेवायचं, हे जीसीसीच्या स्वतःच्या सूचनांत आहे. --प्रिफिक्समुळे सगळं /ऑप्टच्या एका फोल्डरात राहतं, प्रणालीत कुठेही सांडत नाही. --डिसेबल-मल्टिलिब नसेल तर तो ३२ बिटच्या लायब्ररी मागतो आणि तिथेच थांबतो. यानंतर:

सिस्टिमडी-इनहिबिट मेक -जे२

सिस्टिमडी-इनहिबिटमुळे लॅपटॉप मधेच झोपत नाही. जे२ म्हणजे एकावेळी दोन कामं. रॅम ४ जीबी असेल तर याच्या वर जाऊ नका, नाहीतर मशीन स्वॅपमध्ये (रॅम संपल्यावर डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या जागेत) अडकून गोगलगायीसारखं चालतं. जीसीसी आधी जुन्या कम्पायलरने स्वतःला बनवतो, मग बनलेल्याने पुन्हा स्वतःला आणि खातरजमेसाठी तिसऱ्यांदा. जुन्या दोन कोअरच्या लॅपटॉपवर याला कित्येक तास लागतात. कॉन्फिगरच्या ओळीत --डिसेबल-बूटस्ट्रॅप घातलं तर एकदाच बनवतो आणि वेळ बराच वाचतो. शिकण्यासाठी ते पुरेसं आहे.

आता आपल्याकडचा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये विदर्भात दुपारी ४५ च्या घरात पारा असताना हे काम लावू नका. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, मग दोन तासांचं काम चार तास चालतं, आणि जुना पंखा असेल तर मशीन थेट बंद पडतं. पहाटे चारला लावा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, फरशीवर किंवा लाकडी पाटावर ठेवा, आणि कूलरच्या ओल्या हवेच्या झोतात तर मुळीच नको. एलएम-सेन्सर्स पॅकेज बसवून सेन्सर्स ही आज्ञा अधूनमधून दिली की तापमान कळतं. ९० च्या वर टिकून राहिलं तर कंट्रोल-सी दाबून थांबवा आणि गार झाल्यावर पुन्हा तीच मेकची आज्ञा द्या. मेक झालेलं काम पुन्हा करत नाही, पुढून सुरू करतो.

एकदम वीज गेल्यावर मात्र एक अडचण येते. त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल रिकामीच राहते आणि मेकला ती पूर्ण झाल्यासारखी वाटते. पुढे लिंक करताना विचित्र चुका येतात. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी जीसीसी-बिल्डमध्ये उभं राहून रिकाम्या फाइल्स काढा:

फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ० -डिलीट

बनून झाल्यावर:

सुडो मेक इन्स्टॉल
/ऑप्ट/जीसीसी-१४/बिन/जी++ --व्हर्जन

याने बनवलेला प्रोग्राम चालताना नवी लायब्ररी शोधतो, ती कुठे आहे ते कम्पायल करतानाच सांगा (डब्ल्यू मोठा, एल लहान):

/ऑप्ट/जीसीसी-१४/बिन/जी++ -एसटीडी=सी++२३ कापूस.सीपीपी -ओ कापूस -डब्ल्यूएल,-आरपाथ,/ऑप्ट/जीसीसी-१४/लिब६४

घरी चालतो, लॅबमध्ये चालत नाही

परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास येणारा प्रश्न. घरच्या लॅपटॉपवर जी++-१३ ने बनवलेला प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन गेलात, लॅबमध्येही उबंटू २२.०४ च आहे, तरी तिथे उत्तर येतं की जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२ सापडत नाही. ही लिबएसटीडीसी++ ची आतली आवृत्ती आहे. तुमच्या मशीनवर पीपीएने ती लायब्ररी बदलली, लॅबमधली जुनीच आहे. तिथे जास्तीत जास्त ३.४.३० पर्यंतच आहे. स्वतः बघायचं असेल तर (शोधायचा शब्द मोठ्या अक्षरांत):

स्ट्रिंग्ज /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू/लिबएसटीडीसी++.एसओ.६ | ग्रेप जीएलआयबीसीएक्सएक्स

लॅबच्या मशीनवर तुम्हाला काही बसवता येणार नाही आणि बसवायची गरजही नाही. घरी कम्पायल करतानाच ती लायब्ररी प्रोग्राममध्ये गुंडाळा:

जी++-१३ -एसटीडी=सी++२० कापूस.सीपीपी -ओ कापूस -स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ -स्टॅटिक-लिबजीसीसी

फाइल थोडी मोठी होते, पण चालते. अट एवढीच की लॅबमधलं वितरण तुमच्यापेक्षा जुनं नसावं. ग्लिबसी अशी गुंडाळली जात नाही, आणि घरी २४.०४ व लॅबमध्ये २०.०४ असेल तर ती आडवी येईल. शिक्षकांना सोर्स फाइल द्यायची असेल तर लॅबमधल्या कम्पायलरची आवृत्ती आधी विचारा आणि त्यावर चालेल असंच लिहा.

रस्ट आणि गो शिकणाऱ्यांना हा खटाटोप नाही. रस्टसाठी रस्टअप वापरा, ते सगळं तुमच्या होम फोल्डरात बसवतं. गोची अधिकृत फाइल /यूएसआर/लोकलमध्ये उलगडली की झालं, आणि १.२१ पासून गो स्वतःच लागेल ती टूलचेन उतरवतो. तेव्हा डेटा जातो, याकडे लक्ष ठेवा.

परत पूर्वीसारखं करायचं असेल तर

/ऑप्टमधला कम्पायलर काढायला ते एक फोल्डर पुसलं की पुरे. पुसण्याआधी पत्ता दोनदा वाचा, कारण सुडोने पुसलेलं परत येत नाही:

सुडो आरएम -आरएफ /ऑप्ट/जीसीसी-१४

सोर्समधून बनवलेल्या कम्पायलरला ॲप्टकडून दुरुस्त्या मिळत नाहीत, नवी आवृत्ती आली की ती तुम्हालाच बनवावी लागते.

पीपीए काढताना नुसती भांडाराची ओळ पुसू नका. तसं केलं तर बदललेली लिबएसटीडीसी++ तशीच राहते आणि पुढे तिला अपडेटही मिळत नाहीत. आधी जी++-१३ आणि जीसीसी-१३ काढा, मग:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पीपीए-पर्ज
सुडो पीपीए-पर्ज पीपीए:उबंटू-टूलचेन-आर/टेस्ट

याने पीपीएतून आलेली प्रत्येक गोष्ट मूळ भांडारातल्या आवृत्तीवर परत येते. त्यासाठी थोडं डाउनलोड लागतं, म्हणून हेही नेट चांगलं असेल त्या दिवशी करा. शेवटी जी++ --व्हर्जन देऊन ११ दिसतोय ना, ते बघा. ~/.लोकल/बिन मध्ये आधी टाकलेली आखूड नावं पुसायची राहिली असतील तर ती पुसा, नाहीतर टर्मिनल नसलेल्या १३ लाच शोधत बसेल.